गल्लीची वाकळ: शेजाऱ्यांनी मिळून शिवायची कशी

सोलापुरात एकाच वस्तूला चार दारांत चार नावं मिळतात. मराठी घरात ती वाकळ किंवा गोधडी, कन्नड घरात कौदी, तेलुगू घरात बोंत आणि उर्दू बोलणाऱ्यांकडे गुदडी. सगळीकडे ती जुन्याच कापडाची, हातानेच शिवलेली आणि घरातल्या बाईनेच राखलेली. गल्लीने मिळून एखादं कलेचं काम करावं असं मनात आलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी भिंत येते. पण भिंतीला मालक असतो, चित्र काढणारा एक-दोघंच असतात, बाकीचे चहा पीत बघत बसतात आणि पुढच्या निवडणुकीत त्याच भिंतीवर चुना फिरतो. वाकळीचं तसं नाही. तिला कच्चा हात चालतो, पक्का हातही चालतो. आठ जणी एकाच वेळी शिवू शकतात. शिवताना नजर टाक्यावर असल्यामुळे समोरच्याकडे बघावं लागत नाही, आणि जे तोंडावर बोलवत नाही ते टाका घालता घालता बोललं जातं.

हा लेख अशी एक वाकळ शिवण्याबद्दल आहे. ती एका ओळीत ६ चौकोन अशा ८ ओळींची, म्हणजे ४८ चौकोनांची आणि साधारण साडेपाच फूट बाय सात फुटांची असेल. आठवड्याला एक बैठक धरली तर १२ ते १४ आठवडे लागतात.

कधी सुरू करायची, कधी नाही

गल्लीत कुणी गेलं असेल, एखाद्या घराने आजारपणात वर्ष काढलं असेल, किंवा नळावरच्या भांडणातून दोन घरांत अबोला धरला गेला असेल, तर वाकळ उपयोगी पडते. मात्र घाई करू नये. तेराव्याच्या किंवा चाळिसाव्याच्या आत कुणाच्या दारात कपडा मागायला जाऊ नका. त्या दिवसांत माणूस हो म्हणतो आणि महिन्याभराने पस्तावतो. दोन गटांत मारामारी झाली असेल आणि पोलीस केस ताजी असेल, तर तेव्हाही थांबा. कोण आलं आणि कोण नाही आलं याचाच हिशेब होतो, शिवण बाजूला राहते.

दिवाळी झाली की सुरुवात करणं बरं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येते. अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांच्या त्या आठवड्यात बैठक ठेवली तर कुणीही येणार नाही, म्हणून तो आठवडा आधीच वगळा. मार्चमध्ये वाकळ हातावेगळी व्हायला हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो. चार थरांचं कापड मांडीवर घेऊन दुपारी बसणं तेव्हा कुणालाच झेपत नाही, आणि घामेजल्या हातात सुई चिकटते.

वेळ दुपारी अडीच ते साडेचार. दिव्यापेक्षा उजेड बरा असतो आणि तोवर मुलं शाळेतून यायची असतात. शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांची वेळ मात्र विचारूनच ठरवा. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून दोन तास बसणं म्हणजे दीड-दोनशे विड्यांचं नुकसान. एखादी सूप घेऊनच येऊन बसते म्हणाली तर बसू द्या, पण वाकळीपासून आणि मुलांपासून लांब, कारण तंबाखूची धूळ कापडात बसली की वास लवकर जात नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी बंडानंतर ज्यांचे नवरे-मुलगे बेपत्ता झाले त्या सांतियागोच्या बायका गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करत. चर्चच्या आश्रयाने त्यांना जागा मिळाली आणि ती चित्रं विकून चार पैसेही मिळाले. दुःख वाटून घेण्याच्या कामातही चुलीचा विचार आधी करावा लागतो. वर्गणी जमणार असेल तर ज्यांची मजुरी बुडते त्यांना ती भरून देण्यात कमीपणा नाही.

जागा आणि निमंत्रण

दहा बाय बारा फुटांची मोकळी फरशी पुरते. ती कोणत्याही एका समाजाची नसावी. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, तालमीची खोलीही असते, पण तिथे यायला कुणाला तरी परवानगी मागावी लागते किंवा मन घट्ट करावं लागतं. शाळेचा व्हरांडा, वाचनालय, नाहीतर सगळ्यांना जिना मोकळा असलेली गच्ची बघा.

घरोघर दोघींनी जावं, आणि त्या दोघी दोन वेगळ्या समाजाच्या किंवा निदान दोन वेगळ्या बोळांतल्या असाव्यात. "दुःख हलकं करायला या" असं म्हणालात की दार लागतं. "गल्लीची वाकळ शिवायचीय, तुमच्या घरचा एक कपडा द्या," एवढंच म्हणा. कपडा दिला म्हणजे बैठकीला यायलाच हवं असं नाही, हेही तिथेच सांगा. नुसता कपडा पाठवणाऱ्या घरांपैकी काहींतून चौथ्या-पाचव्या बैठकीला कुणीतरी "कुठवर आलं?" म्हणून डोकावतं.

एक चूक जवळजवळ ठरलेली असते. ती म्हणजे बायकांचा कार्यक्रम आहे म्हणून हळदीकुंकवाने सुरुवात करायची. तसं करू नका. जिचा नवरा गेला आहे तिच्यासाठीच बहुधा हा घाट घातलेला असतो, आणि पहिल्याच दिवशी तीच दाराशी उभी राहते. मुसलमान शेजारणीही मागच्या मागे निघून जातात. चहा, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांनी सुरुवात करायला कुणाचीच हरकत नसते.

पुढाऱ्याकडून सतरंज्या आणि चहाचा खर्च घ्यायचा असेल तर फलक लागणार नाही हे आधी बोलून घ्या. देणगीदाराचं नाव, पक्षाचं चिन्ह आणि पुढाऱ्याचा चेहरा, या तिन्ही गोष्टी वाकळीवर नकोत. हा एकच नियम पहिल्या दिवशी मोठ्याने सांगायचा. बाकी स्वतःच्या चौकोनात काय असावं हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणी ओम काढेल, कुणी चांदतारा, कुणी निळं चक्र, कुणी मागाचा धोटा.

कापड: काय घ्यायचं, काय नाकारायचं

धुवून मऊ झालेलं सुती कापड सगळ्यांत चांगलं. जुनी नऊवारी, धोतर, सुती ब्लाउज, लुंगी, परकर, मुलांचे सदरे, सगळं चालतं. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांतून शर्टाची कतरण मिळते. तिच्यात टेरिकॉटचं प्रमाण असल्यामुळे ती दमदार असते, पण सुई जड जाते. म्हणून ती चौकोनांपेक्षा कडेच्या पट्ट्यांना वापरा.

सोलापुरात पडणारा मोह म्हणजे पोटात चादर घालण्याचा. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिचा अभिमान असणं साहजिक आहे, आणि आपल्या गावची वाकळ म्हणजे आत आपली चादर हवीच असं वाटतं. पण जकार्डची ती जाड वीण वर-खाली दोन थर घेऊन हाताने शिवायला गेलात की सुया वाकतात, बोटं सोलतात आणि टाका अर्ध्या इंचाचा होतो. टेरी टॉवेलचंही तसंच. शिवाय त्याचे फासे सुईला अडकून निघतात. चादरीचा तुकडा हवाच असेल तर एक चौकोन तिचा करा, तोही कडेच्या ओळीत, कारण तिथे शिवणीची गर्दी कमी असते.

बनियन आणि टी-शर्ट ताणले जातात. त्यांच्या उलट्या बाजूला शिंप्याकडून चिकटणारं पातळ बकरम इस्त्रीने बसवून घेतलं की ते साध्या कापडासारखे वागतात. सिंथेटिक साडी निसटते आणि तिचे धागे सुटतात. ती कुणाची आठवण असेल तर घ्या, नाहीतर नको म्हणा. रेशमी किंवा विरलेला कपडा आला तर तो मांजरपाटाच्या, म्हणजे कोऱ्या जाड सुती कापडाच्या, ११ इंची तुकड्यावर चारी बाजूंनी टाचून मग चौकोन म्हणून वापरा. नवीन मांजरपाट आधी गरम पाण्यातून काढायलाच हवा. कोरा वापरला तर पहिल्या धुण्यात तो वारीमागे इंच-दीड इंच आटतो आणि जुन्या कापडाच्या मधोमध मुरगळलेला दिसतो.

रंग सुटतो का हे प्रत्येक कपड्याचं बघायचं, अपवाद नाही. पांढरा सुती रुमाल ओला करून त्यावर मिनिटभर चोळा. लाल, गडद निळा आणि काळा यांच्यावर विशेष नजर ठेवा, इरकलीच्या लाल पदरावर तर नक्कीच. रुमालाला रंग लागला तर तो कपडा स्वच्छ पाणी येईपर्यंत वेगळा धुवा आणि पुन्हा चोळून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात. त्याने तेवढ्या धुण्यापुरता रंग कमी सुटेल, कायमचा बसणार नाही. तीन धुण्यांनंतरही सुटत असेल तर तो कपडा चौकोनात नको, त्याला खिसा द्या.

खिसा

गेलेल्या माणसाचा कपडा कापायचा म्हटलं की हात थांबतो. आणताना मन घट्ट केलेलं असतं, कात्री हातात घेतली की ते सैल होतं. कित्येक घरांत गेलेल्याचे कपडे ठेवत नाहीत, देऊन टाकतात. तिथली म्हातारी माणसं मृताचा कपडा पांघरुणात शिवायला हरकत घेतील. त्यांच्याशी वाद घालू नका. या सगळ्यांवर एक सोपा उपाय आहे. मांजरपाटाचा ११ इंची चौकोन घ्या, त्यावर ७ × ७ इंचांचा खिसा तीन बाजूंनी शिवा आणि वरच्या बाजूला झाकण व दोन टिचबटणं लावा. कपडा न कापता घडी करून खिशात ठेवता येतो आणि हवा तेव्हा परत नेता येतो. कुणी नुसती चिठ्ठी ठेवतं, कुणी अंगठीचा दोरा. हरकत घेणाऱ्यांसाठी खिसा रिकामा ठेवून वर नाव शिवता येतं. ४८ मध्ये पाच-सहा खिसे धरून चाला.

ज्यांना कापायचं आहे त्यांनी स्वतःच्या हाताने कापावं. दुसऱ्याच्या कपड्याला, कितीही मदतीच्या भावनेने असो, कात्री लावायची नाही. आधी कपड्याचा फोटो काढा. उरलेलं कापड नाव लिहिलेल्या पिशवीत घालून त्याच दिवशी परत द्या. आठवडाभर ते तुमच्याकडे राहिलं आणि एक बाही हरवली, तर तुमच्या हातून काय हरवलं ते कधीच भरून निघत नाही.

मापं आणि सामान

एड्सने गेलेल्यांसाठी अमेरिकेत शिवल्या गेलेल्या प्रचंड गोधडीचा प्रत्येक तुकडा ३ × ६ फुटांचा, म्हणजे साधारण एका कबरीएवढा ठेवला होता. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानात ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा असे १,९२० तुकडे होते. ते माप मैदानासाठी होतं, आणि बघणाऱ्याला धक्का बसावा यासाठी होतं. आपली वाकळ बाजेवर मावायला हवी, कुणाच्या तरी अंगावर यायला हवी. म्हणून चौकोन लहान, शिवल्यावर १० इंची.

कापताना मात्र ११ इंच, चारी बाजूंनी शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच. पुठ्ठ्याचा ११ इंची साचा करून घ्या आणि सगळ्यांनी तोच एक साचा वापरा. दोन साचे झाले की दोन मापं झालीच. चौकोन वाटताना ४८ पैकी ४६च वाटा. उरलेले दोन साध्या मांजरपाटाचे ठेवा, त्यांचं काम शेवटी येतं. घरं जास्त असतील तर माप कमी करू नका, दुसऱ्या वाकळीची यादी सुरू करा.

थरांसाठी तीन सहावारी सुती साड्या लागतात, एक खालच्या अस्तराला आणि दोन पोटात. सहावारी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. तिचे ९४ इंचांचे दोन तुकडे करून त्यांच्या लांब कडा एकमेकींना जोडल्या की जवळजवळ ८९ × ९४ इंचांचा तुकडा होतो. अस्तर ७२ × ९२ हवं, पोटातले थर ६८ × ८८. रुंदीत जास्तीचे १७ इंच मिळतात, तर त्यांचा फायदा घ्या. एका थराची जोडशिवण मध्यापासून सहा इंच डावीकडे, दुसऱ्याची सहा इंच उजवीकडे येईल असं कापा. तिन्ही शिवणी एकावर एक आल्या तर वाकळीच्या मधोमध दोरीसारखी वळ उठते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते.

बाकी सामान असं: गोधडीचा जाड सुती दोरा ५०० मीटर, टाचण्यासाठी उठून दिसणाऱ्या रंगाचं साधं रीळ, ७ किंवा ८ नंबरच्या सुया दोन पाकिटं, अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) आठ, शिंप्याचा खडू आणि मोजपट्टी. कात्र्या मुद्दाम तीनच ठेवा. आठ जणींत तीन कात्र्या असल्या की अबोला धरलेल्यांनाही "जरा इकडे द्या" म्हणावंच लागतं. सुया बसताना मोजून द्यायच्या आणि उठताना मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तर चुंबक फिरवून ती सापडल्याशिवाय सतरंजी झटकायची नाही, कारण त्याच फरशीवर उद्या पोरं रांगणार असतात.

चौकोनावर नाव, चित्र, अक्षरं

पहिल्या तीन बैठका चौकोनांच्या. शिवता न येणाऱ्याने खडूने काढावं, येणाऱ्याने शिवावं. नातवाने काढलेलं कुत्र्याचं चित्र आणि आजीचा साखळी टाका एकत्र आले की चौकोन दोघांचा होतो. म्हाताऱ्या गिरणी कामगारांना आणि मागवाल्यांना "तुम्ही बसा नुसते" म्हणू नका. ताणा-बाणा, कापडाची आडवी-उभी दिशा आणि साचा सरळ पडतोय का, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. कापायचं टेबल त्यांच्या ताब्यात द्या.

अक्षरं दीड इंचापेक्षा लहान नकोत, धुतल्यावर वाचता येत नाहीत. देवनागरीत आधी शिरोरेषा कापडाच्या आडव्या धाग्यावर आखा आणि तीच आधी शिवा. नाहीतर नाव उताराला लागतं. तेलुगू आणि कन्नड अक्षरांच्या गोलाया धावदोऱ्यात तुटक दिसतात. त्यांना बारीक उलटी टीप किंवा साखळी टाका घाला. उर्दू नाव ती लिपी वाचणाऱ्याकडून खडूने लिहून घ्या आणि शिवल्यावर त्यालाच पुन्हा दाखवा, कारण शिवता शिवता नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळतात आणि नाव भलतंच होतं. शेजाऱ्याची लिपी हाताने शिवायला मिळावी म्हणून दोघींनी एकमेकींची नावं शिवण्याची अदलाबदल केली तर फार छान. पण ती त्यांनीच सुचवायला हवी. वरून लादलं की तो कार्यक्रम होतो.

कोण कुणाच्या शेजारी

चौकोन तयार झाले की मांडणी करायची, आणि खरं भांडण इथेच होतं. कुणाचा मधोमध, कुणाचा कोपऱ्यात, भगव्याशेजारी हिरवा का, आमचा पायथ्याला का. समिती नेमू नका. १ ते ४८ च्या चिठ्ठ्या करा, लहान मुलाला उचलायला लावा, ज्याचा जो आकडा तीच त्याची जागा. दोन साध्या चौकोनांच्याही चिठ्ठ्या त्यातच टाका. त्यानंतर फक्त दोन कारणांसाठी बदल करता येईल. एक म्हणजे जाड चौकोन कडेच्या ओळीत न्यायचा असेल तर. दुसरं म्हणजे दोन खिसे शेजारी-शेजारी आले तर. "मला तिच्याशेजारी नको" हे कारण नाही, हे सौम्यपणे पण स्पष्ट सांगा. वाकळीतला शेजारी जसा निवडलेला नाही, तसा प्रत्यक्षातलाही कुणी निवडून घेतलेला नसतोच.

मांडणीचा फोटो काढा, आणि प्रत्येक चौकोनाच्या मागे खडूने आकडा व वरची बाजू दाखवणारा बाण करा. हे राहिलं की घरी जाऊन सगळं गोळा होतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून वाद.

जोडणी मशीनवर, शक्यतो गल्लीतल्याच शिंप्याकडून. सहा-सहा चौकोनांची ओळ करा. ओळीची लांबी ६१ इंच भरायला हवी, ६० शिवलेले आणि दोन टोकांचे अर्धे-अर्धे. प्रत्येक शिवणीत पाव इंचाचा फरक पडला तरी पाच शिवणींत सव्वा इंच होतो आणि वरची ओळ खालच्या ओळीला बसत नाही. तो फरक ओळीतच सुधारा, पुढे ढकलू नका. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबा, खालच्या ओळीच्या उजवीकडे. सगळ्या एकाच बाजूला गेल्या तर चौकात आठ पदरांची गाठ येते, सुई तिथे मोडते. मग चार इंचांच्या पट्ट्या कडेला लावा, लांब बाजूंना ८१ इंच, आखूड बाजूंना ६७ इंच.

मशीन नकोच असेल, किंवा लोकांना चौकोन कापणं जड जात असेल, तर कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. त्या कडेपासून सुरुवात करतात. साडीवर एकेक तुकडा दुमडून ठेवत, धावदोऱ्याने शिवत, कडेने फिरत मध्याकडे येतात. तुकडे हव्या त्या मापाचे असू शकतात, जोडणी आणि शिवण एकदमच होते. चार कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे तुकडे, त्यांच्या भाषेत फूल, लावल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. या पद्धतीत मात्र एका वेळी तिघी-चौघीच बसू शकतात.

थर लावणं आणि टाके

अस्तर उलटं, म्हणजे चांगली बाजू खाली करून अंथरा. चार कोपऱ्यांना विटा ठेवा. वर पोटातले दोन थर, प्रत्येक थर मधून बाहेर हाताने सपाट करत. वर चौकोनांचा थर चांगली बाजू वर करून. मग टाचणं. मधून सुरू करून चारी दिशांना, सहा-सहा इंचांच्या अंतराने मोठे कच्चे टाके. कडेपासून सुरुवात केली की आत हवा कोंडल्यासारखा फुगा राहतो, आणि तो नंतर टाक्यांनी दाबला की चुण्या पडतात. घाई करण्यासारखी पायरी ही नाही. एक पूर्ण बैठक टाचण्याला द्या.

धावदोऱ्याच्या ओळी एक-एक इंचावर खडूने आखा. अशा ६६ ओळी, प्रत्येकी ८६ इंच, म्हणजे जवळजवळ १४५ मीटर शिवण. दोरा दुहेरी घेऊन, टाक्यांत जाणारा धरून साडेतीनशे मीटरच्या पुढे लागतो. म्हणून ५०० मीटर आणायचा. तासाला सरासरी अडीच मीटर धरली तर साठेक तासांचं काम. आठ जणी दोन-दोन तास बसल्या तर चार बैठकांत व्हावं, प्रत्यक्षात सहा लागतात, कारण मध्ये चहा असतो आणि कुणीतरी सुई खाली ठेवून बोलत असतं. ते चालतं. त्यासाठीच तर बसलो आहोत.

दोरा हातभर लांबीचाच घ्या. लांब घेतला की गुंता होतो. सुईवर चार टाके घेऊन मग ओढा, आणि ओढल्यावर तळव्याने ओळ सपाट करा. काहींचा हात घट्ट असतो, काहींचा सैल, त्यामुळे शेजारच्या दोन ओळी वेगळ्या दिसतात. दिसू द्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: चांगला हात असलेल्या बाईने रात्री घरी नेऊन दुसरीचे वेडेवाकडे टाके उसवून नीट करणं. सकाळी ते कळतंच, आणि पुन्हा ती दुसरी येत नाही. म्हणून वाकळ कुणाच्याच घरी जात नाही, बैठकीच्या जागेवरच कुलपात राहते.

शिवताना कुणी रडू लागलं तर सगळ्यांनी गोळा होऊ नका. शेजारी बसलेलीने सुई खाली ठेवावी, पाणी द्यावं, गप्प बसावं. बाकीच्यांचे हात चालू राहिले तर रडणाऱ्यालाही हलकं वाटतं, तिच्यामुळे काम थांबलं असं होत नाही. उठून जायचं म्हणाली तर एकीने घरापर्यंत सोबत करावी. बैठकीत ऐकलेलं गल्लीत फिरवायचं नाही, हे दर दोन आठवड्यांनी आठवण करून द्यावं लागतं. महिना-दोन महिने झोप नाही, जेवण नाही, जगून काय करू असं बोलणं, हे दिसलं तर वाकळीच्या भरवशावर राहू नका. टेलीमानस ही सरकारची मोफत हेल्पलाईन १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. नंबर लावून देणं आणि फोन चालू असताना शेजारी बसणं, एवढं शेजाऱ्याने करावं.

शेवटी कच्चे टाके काढा. अस्तर कडेने दीड इंच ठेवून कापा, दोनदा दुमडून पुढे आणा आणि बारीक दुमड टाक्याने बंद करा. तयार वाकळ दोन-अडीच किलोची भरते.

झाल्यावर तिचं काय

हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवावं. नाहीतर ती एका घराच्या पेटीत जाते आणि सगळे मनात धरतात. काचेत घालून भिंतीला टांगणं दिसायला छान, पण वाकळ पांघरायची वस्तू आहे. ती फिरती ठेवणं बरं. ज्या घरात आजारी माणूस आहे, बाळंतीण आहे, कुणी गेलंय, तिथे आठवडाभर मुक्काम. कुणाकडे कधी गेली, कधी परत आली, हे शंभर पानी वहीत. दाखवायची असेल तेव्हा मागच्या वरच्या कडेला चार इंचांची नळी शिवा आणि तिच्यातून बांबू घाला. खिळे ठोकून टांगली की तिच्याच वजनाने कापड फाटतं. उन्हात टांगू नका. सोलापूरचं ऊन एका उन्हाळ्यात लाल रंग विटका करतं.

वर्षातून दोनदा धुवा. खिसे आधी रिकामे करा आणि ज्याचं त्याला द्या. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून पाण्याच्या पाळीचा दिवस धरा. टबात गार पाणी आणि सौम्य साबण घेऊन पायाने तुडवा, पिळू नका. ओली वाकळ उचलायला चौघं लागतात. एका टोकाला धरून उचलली की टाके तुटतात. सावलीत बाजेवर आडवी वाळवा, दोन दिवस लागतील. ठेवताना घडी नको, गुंडाळी करा. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि तीन महिन्यांनी एकदा उघडून हवा.

मांजरपाटाचे ते दोन कोरे चौकोन आता उपयोगाला येतात. नव्याने राहायला आलेलं घर, तेव्हा नाही म्हणालेलं घर, किंवा जो चौकोन करायची वेळ यावी असं कुणालाच वाटत नव्हतं, त्यांच्यासाठी ते ठेवलेले असतात. वरून नवा तुकडा ठेवून कडेने दुमड टाका घातला की झालं, थर उसवावे लागत नाहीत. त्यासाठी वाकळीच्या मागे एका कोपऱ्यात छोटी पिशवी शिवून तिच्यात ११ इंची साचा, दहा मीटर तोच दोरा आणि पुठ्ठ्यात टोचलेल्या दोन सुया ठेवा. धुताना पिशवीही आठवणीने रिकामी करा.